खांदा सांभाळ

हुर्राकाचे दिवस आले की
आंतोनच्या तावेर्नात ती मॅच पुन्हा लागते :
इनास विरुद्ध धर्मा.
झाली नाही ती कधी. होणारही नव्हती.
इनास मुरगाव बंदरावर मातीच्या टोपल्या उचलत होता तेव्हा
धर्माचा बाप गदगहून निघालासुद्धा नव्हता.

पण टेबलावर मिठाची वाटी म्हणजे इनास,
लोणच्याची बशी म्हणजे धर्मा,
आणि ओल्या ग्लासांनी उमटवलेली वर्तुळं ही रिंग.
‘‘इनासचा उजवा,’’ कोस्तांव म्हणतो,
‘‘बार्जीचा दोर तुटून यावा तसा.’’
‘‘दोर तुटण्याआधी करकरतो,’’ नायकमास्तर म्हणतात,
‘‘धर्माचा डावा साडूसारखा. न कळवता.’’
मग वजनं निघतात, मग वयं,
मग कुणाच्या काळात मोजे पातळ होते.
इनास तिसऱ्या फेरीत जिंकतो,
धर्मा पाचव्या,
आणि बिल कुणी द्यायचं यावरून
खरी बाचाबाची.

मला कुणी विचारत नाही.
मी शिडांचा शिंपी. शिडं गेली,
आता ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतो,
आणि क्लबची ती बॅग.

त्रेसष्टपासून एकच बॅग.
जहाजाचं कॅनव्हास, आत बायण्याची वाळू आणि लाकडाचा भुसा.
आधी बाप शिवायचा, मग मी.
दोघं भेटले असतील तर तिथेच,
एकाच्या खळग्यात दुसऱ्याची मूठ.

इनास बॅग फाडायचा मध्यावर, उभी,
महिनोन्महिने त्याच जागी,
जसं काही ते दार आहे
आणि आत कुणी कडी लावून बसलंय.
बापाने ठिगळावर ठिगळ लावलं. चौदा.
मी मोजलीत, बोटाने, अंधारातही लागतात.

धर्माने कापडाला कधी धक्का लावला नाही.
त्याच्या वेळी वरची कडी उकलायची, साखळीची.
मार खाली, तुटायचं वर.
मी आधी लोहाराला शिव्या दिल्या.
तिसरी कडी उकलली तेव्हा गप्प झालो.

त्र्याण्णवच्या सप्ताहात, दुकानाबाहेर फेरीची गर्दी,
इनास छत्री शिवायला आला.
बॅग पडली होती कोपऱ्यात, तशीच, कडीसकट.
त्याने ठिगळांवर तळवा ठेवला,
आपल्याच घराच्या भिंतीला ठेवावा तसा,
मग साखळी हातात घेतली.
कडी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ.
‘‘हा कोण?’’
‘‘बायण्याचा एक पोर. धर्मा.’’
वाटलं, आता म्हणेल, माझ्यापुढे टिकला नसता.
आंतोनकडे तेच तर चालतं.
तो म्हणाला, ‘‘त्याला सांग, खांदा सांभाळ.’’
छत्रीचे पैसे द्यायला विसरला आणि गेला.

मी सांगितलं नाही.
तेव्हा धर्मा बावीसचा, रोज कुणाला तरी पाडत होता.
अशा पोराला कोण सांगणार
की एका म्हाताऱ्याने तुझी कडी बघितली.

इनास गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.
परवा धर्मा आला, वॉचमनच्या गणवेशात.
पिशवीचा पट्टा शिवून खुंटीवर टांगला होता.
काढायला डावा हात वर नेला
आणि तो अर्ध्यावर राहिला,
घंटा वाजल्यासारखा.
मीच उठून पिशवी काढून दिली.

तीस वर्षं शिळा निरोप. तरी दिला.
‘‘कोण म्हणालं असं?’’
‘‘इनास.’’
‘‘बॅग बघून?’’
‘‘नाही. कडी.’’

धर्मा स्टुलावर बसला.
बाहेर खनिजाचा ट्रक वळण घेत होता,
दुकानभर लाल धूळ उतरली, आमच्या दोघांवर सारखी.
‘‘आंतोनकडे सांगू नको,’’ तो म्हणाला,
‘‘ह्या वर्षी मी पाचव्या फेरीत जिंकतोय.’’
आणि चाळीस रुपये मोजून ठेवले,
उजव्या हाताने,
दोनदा मोजून.